धक्क्यावरची खाणावळ आणि अर्धी गोळी

धक्क्यावरची खाणावळ घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालते. आगरदांड्याहून खाडीपलीकडे दिघीला मचवा जातो तो भरतीला, कारण ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांपाशी नुसता चिखल असतो. त्यामुळे माणसं पाण्याच्या आधी तासभर येऊन बसतात आणि वाऱ्याला बसलं की भूक लागतेच. सगळ्यांना एकदम भूक आणि सगळ्यांना एकदम घाई, हा आमचा धंदा. पाणी खालून चौथ्या पायरीला लागलं की मी भाताचं आधण ठेवते. सातव्या पायरीला वाढायला घेते. नवव्या पायरीला मचव्याचे तांडेल इब्राहिमचाचा मचवा सोडायचं शिंग फुंकतात आणि पानावर उरलेला भात कावळ्यांचा होतो.

भरती कधी येणार हे काढायला पंचांगातली तिथी लागते आणि पाऊणकी लागते. तिथीला पाऊणने गुणायचं. बीज असली तर बे पाऊणे दीड, म्हणजे दीड वाजता भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन. मी मराठी चौथी पास आहे. शाळेत जे शिकले त्यातली पाऊणकी तेवढी जन्मभर कामाला आली. बाकीचं कुठे सांडलं कोण जाणे.

नवाबाचं संस्थान गेलं त्यानंतर दोनेक वर्षांनी आम्ही ही खाणावळ घातली. वाटणी सरळ होती. मी आत, चुलीपाशी. आमचे हे बाहेर, माणसांत. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मी पडद्यामागे सरकायची. मासळी विकणारी कोळीण दारात आली तरी मी यांना हाक मारायची. हे मात्र दगडाशीही गप्पा मारतील असे. "बसा, काका. ताट येतंय. तोवर पाय धुवा, चिखल तुमच्यासोबत दिघीला जायला नको." असं बोलत बोलत वीस माणसं जेवून उठायची. चार वर्षांत मी चुलीपुढचा पडदा ओलांडून बाहेर आले नाही. भात-आमटीच्या वासावरून लोक मला ओळखायचे.

पाचव्या वर्षी यांची झोप उडाली. आधी मला बरंच वाटलं. पहाटे उठावं तर सगळी भांडी घासलेली, सगळे पाट धुऊन उन्हाची वाट बघत उभे केलेले. अंगणातल्या माडांना चुना फासलेला, तोही सगळ्यांना एका उंचीवर, दोरी लावून. आठ दिवस झोप नाही आणि चेहरा नवऱ्या मुलासारखा. बोलणं तर असं, की एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्या पाठीवर बसलेलं.

"काय गो, इकडच्या माणसांनी इकडं जेवायचं, तिकडच्यांनी तिकडं, हा काय न्याय झाला? खाडी मधे आहे, तर खाणावळ मधे का नको?"

मी म्हटलं, "मधे पाणी आहे."

"तेच तर सांगतोय मी!"

त्या दिवशी दशमी होती. सकाळी साडेसातची भरती. मी आत भाजी चिरत होते. तेवढ्यात हे आले आणि भाताचा टोप उचलून घेऊन गेले. मग आमटीचा टोप. मग तळलेल्या बांगड्यांची परात. मग पाट, पाण्याचा हंडा आणि शेवटी मिठाची बरणी. मी पडद्याआडून "अहो, अहो" करत राहिले. ओरडायला मला येत नाही.

इब्राहिमचाचा तीस वर्षं त्या खाडीत मचवा हाकत होते. पण यांचं बोलणं त्या दिवसांत असं झालं होतं, की ऐकणाऱ्याला आपणच इतकी वर्षं मूर्ख होतो असं वाटावं. चाचांना पटलं. अकरा उतारू होते, त्यांनाही पटलं. खाडीच्या मधोमध वाळूचा एक दांडा आहे, भरतीला वर गुडघाभर पाणी असतं. तिथे मचवा टेकवला, मचव्यातच पाट मांडले आणि यांनी वाढायला घेतलं.

पंगत झकास झाली असं पुढे सगळेच सांगत. कोणी घाई करू नये म्हणून हे एकेकाला आग्रह करून वाढत होते. मधूनच चाचा म्हणाले, "दामूभाय, पानी निघालं."

"थांबेल, चाचा. आपली माणसं जेवतायत हे त्याला दिसतंय."

पाणी थांबलं नाही. मचवा वाळूवर बसला तो बसलाच. मग भर उन्हात, चारी बाजूंना चिखल, मधे अकरा माणसं, एका म्हातारीची शेळी आणि माझी भांडी. उतारूंत एक शाळा तपासायला निघालेले साहेब होते. त्यांनी दुसऱ्यांदा आमटी घेतली, बोट चाटलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "स्वयंपाक उत्तम आहे. पण मी इथे का आहे?"

मी धक्क्यावर उभी होते. लांब खाडीच्या मधोमध माझे टोप उन्हात चकाकत होते. इकडे चौघे गिऱ्हाईक ताटाची वाट बघत बसलेले आणि घरात पाणी प्यायला तांब्यासुद्धा नव्हता. त्यातला एक कोळी मला म्हणाला, "वैनी, जेवान तिकडं हाय न्हव का? मंग आमी चालत जाव काय?"

दिवेलागणीला मचवा परत आला. शेळीसकट सगळे भाजून लाल झाले होते. हे उडी मारून उतरले आणि म्हणाले, "उद्यापासून रोज."

माझे धाकटे दीर, गणपतभावजी, मुरुडला कचेरीत पट्टेवाले होते. खाकी कपड्यांमुळे आणि कंबरेच्या पट्ट्यामुळे त्यांना घरातही हुकूम सोडायची सवय होती. ते आले, भावाला पाहिलं आणि आम्हा दोघांना आगबोटीत घालून मुंबईला डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथे जायच्या आधी धक्क्यावर सगळ्यांनी आपापलं निदान केलं होतंच. कोणी म्हणे वाळूच्या दांड्यावर भुताखेताची जागा आहे, नारळ द्या. कोणी म्हणे ऊन लागलं. शेळीवाली म्हातारी म्हणाली, "काय झालंय त्याला? चांगला वाढतो की!"

डॉक्टर म्हातारे होते, शांत होते. यांच्याशी तासभर बोलले. बोलले म्हणजे हे बोलले, डॉक्टरांनी ऐकलं. मग मला म्हणाले, "बाई, हा मनाचा आजार आहे. त्याला दोन टोकं असतात. आत्ता वरचं टोक आहे. हे उतरलं की बहुतेक दुसरं येईल. तेव्हा यांना उठावंसं वाटणार नाही, खावंसं वाटणार नाही. त्यात यांचा दोष नाही आणि तुमचाही नाही. तुमच्या कोकणातली भरती-ओहोटी म्हणा हवं तर."

मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, डॉक्टर, भरती-ओहोटीला तिथी असते.

त्यांनी गोळ्यांची बाटली दिली. "झोप मोडली, बोलणं वाढलं, काही वेगळं वाटलं की सुरू करा आणि मला कळवा. लवकर कळलं तर घरी आटोपतं. आणि लवकर कळतं ते फक्त घरच्या माणसाला. लक्ष ठेवा." कशावर लक्ष ठेवायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. गिऱ्हाइकांशी गप्पा मारणाऱ्या माणसाचं बोलणं वाढलं हे कसं ओळखायचं?

परतीच्या आगबोटीत गणपतभावजी मला म्हणाले, "वहिनी, स्पष्ट सांगतो. यापुढे एकदा जरी असं काही झालं, तर मी दादाला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवणार. तुम्ही आमच्याकडे येऊन राहायचं. खाणावळ बंद." ते वाईट माणूस नव्हते. भावाच्या काळजीने रात्री त्यांची झोप उडायची, असं जाऊबाईंनी मला सांगितलं होतं. पण आमच्या बाजूचा एक माणूस त्या इस्पितळात गेला होता. त्याच्या बायकोने सात वर्षं त्याच्यासाठी सदरा धुऊन ठेवला. मी यांना जाऊ देणार नाही, एवढं त्या आगबोटीत ठरवलं.

मग खरोखरच दुसरं टोक आलं. हे भिंतीकडे तोंड करून निजले ते निजलेच. पण पाण्याला त्याचं काय? भरती येत होती, माणसं येत होती. मला बाहेर यावं लागलं.

बाहेर यावं लागलं असं लिहिलं खरं, पण आले नाही. पडद्याखालून ताट सरकवायची. कोणी "बाई, भात" म्हटलं की पडद्याखालून भाताचं पातेलं जायचं आणि रिकामं परत यायचं. लोक पडद्याशी बोलायचे. एक दिवस हरिहरेश्वराला निघालेली यात्रेकरू मंडळी आली. त्यांच्यातल्या बायका कुजबुजल्या, "मौन आहे वाटतं यांचं." "कडक व्रत दिसतंय." जेवून उठल्यावर त्यांनी पडद्याला हात जोडले, एकीने पडद्यापुढे फूल ठेवलं. परतीच्या वाटेवर आणखी आठ जणी घेऊन आल्या आणि त्यांतली एक पडद्याला विचारू लागली, माझ्या मुलीचं लग्न कधी जमेल? तेव्हा मात्र मी पडदा काढला. पडद्यामागे पिठाने माखलेली बाई बघून त्या फार हिरमुसल्या. मी म्हटलं, "मुलीचं जमेल. आमटी वाढू काय?" परक्या माणसाशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

यांच्याशी बोलणं त्याहून अवघड होतं. "जेवता का" म्हटलं तरी उत्तर नाही. "कसं वाटतं" हे तर विचारूच नये, तो प्रश्न ऐकून हे आणखी आत जात. एका सकाळी मी चुलीपाशी बसून आपल्याशीच बोलल्यासारखं म्हटलं, "आज बीज. म्हणजे पावणेदोनला भरती."

मी तव्यावरची भाकरी उलथली. मग भिंतीकडून आवाज आला, "दीड."

एकोणीस दिवसांत ऐकलेला तो पहिला शब्द. मी हातातली उलथणी तशीच धरून राहिले. म्हटलं, "हो काय? मला वाटलं पावणेदोन."

"बे पाऊणे दीड. मास्तरांनी हेच शिकवलं तुला?"

दुसऱ्या दिवशी मी परत चुकवलं. तिसऱ्या दिवशीही. मी मुद्दाम चुकवते हे यांना कळत होतं, आणि यांना कळतंय हे मला. तरी रोज हे उत्तर द्यायचे. असं करत महिन्याभराने हे उठून ओट्यावर येऊन बसले. मग पाट मांडायला लागले.

पुढे चांगले दिवस आले, तरी तो प्रश्न मी सोडला नाही. डॉक्टरांनी लक्ष ठेवा म्हटलं होतं, ते मी असं ठेवलं. रोज सकाळी चहा देताना विचारायचं, "आज भरती किती वाजता?" नुसतं उत्तर आलं, तर माणूस बरा आहे. उत्तर आलंच नाही, तर खाली चाललाय. आणि उत्तरासोबत भाषण आलं किंवा आकडाच चुकला, तर वर चाललाय. डॉक्टरांकडे नळी असते तसा माझ्याकडे हा प्रश्न होता. मला त्याचा गर्व झाला होता, हे आता कबूल करते.

दीडेक वर्ष असं नीट गेलं. मग एका सकाळी मी चहा दिला आणि विचारलं, "आज भरती किती वाजता?" माझ्या हिशेबाने आदल्या दिवशी षष्ठी, म्हणून आज सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच.

हे हसले. म्हणाले, "आज भांगाची भरती गो. पाणी आळशी आहे. सहाला येईल."

एक तर आकडा चुकला. वर पाणी आळशी! आणि ते हसणं! मग मला सगळंच दिसायला लागलं. यांनी भल्या सकाळी दाढी केली होती. गुणगुणत होते. रोजच्या वीस पाटांऐवजी सत्तावीस पाट मांडले होते. मी परत विचारलं, "सव्वापाच ना?" हे आणखी हसले आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. दिवसाढवळ्या, बाहेर गिऱ्हाईक असताना!

मी आत गेले, बाटलीतली एक गोळी मोडली, अर्धी कुटली आणि दुसऱ्या चहात घातली. अर्धी फडताळात ठेवली. न सांगता दिली. वीस वर्षांच्या धंद्यात मी कोणाच्या ताटात शिळं वाढलं नाही, पण हे केलं. यांनी कपात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा पिऊन टाकला. मुरुडच्या गाडीत बसणाऱ्या एका ओळखीच्या बाईला मी सांगितलं, "गणपतभावजींना निरोप द्या, म्हणावं परत सुरू झालंय." कारण डॉक्टरांना कळवायचं तर चिठ्ठी तेच लिहायचे. निरोप गेला आणि मग मला सुचलं, की चिठ्ठी लिहायच्या आधी ते काय करतील.

दुपारी हे पडवीत गाढ झोपले. मी एकटी. गर्दी भरपूर झाली, सत्तावीसच्या सत्तावीस पाट भरले. मी सगळ्यांना ठामपणे सांगत होते, "सव्वापाचला पाणी पुरं भरेल. पावणेपाचला खाली पायरीवर जाऊन थांबा." आता मला बोलता येत होतं ना! चाचा कुठे दिसले नाहीत. मला वाटलं, मचव्यात असतील.

पावणेपाचला माणसं बोचकी घेऊन खाली उतरली. पाणी पाचव्या पायरीलासुद्धा नव्हतं. पाच वाजले. मचवा लांब खोल पाण्यात उभा, आणि चाचा त्यात पाय पसरून विडी ओढत बसलेले. दिघीचे एक शेठ होते, अंगाने चांगले भरलेले. ते म्हणाले, "बाई सांगतायत ना आता येईल म्हणून. मी पुढे होतो." त्यांनी पाण्यालगतच्या पायरीवरून बाजूला पाय टाकला आणि मांडीपर्यंत चिखलात गेले. तो पाय काढायला गेले तर दुसराही गेला.

नेमक्या त्याच वेळी गणपतभावजी सायकलवरून आले. सायकलीच्या मागे नवा काथ्याचा दोर बांधलेला. तो दोर बघून मी रडायलाच लागले.

"दादा कुठाय?"

"झोपलेत. भावजी, नका नेऊ. अर्धी गोळी दिलीय मी."

"झोपलाय? मग आरडाओरडा कोण करतंय?"

ते शेठ करत होते. पाणी हळूहळू चढत होतं आणि त्यांच्या कंबरेला लागलं होतं. चाचांनी मचव्यातून हाक मारली, "भाभी! लोकांना आत्तापासून खाली कशाला पाठवलंत? आज पानी सहाला. दामूभायनं मला सकालीच सांगितलान!"

"सव्वापाच!" मी ओरडले. मला ओरडता येतं हे मला त्या दिवशी कळलं. "सप्तमी आहे आज!"

"सप्तमी कुठली? आज अष्टमी." हे पडवीतून डोळे चोळत येत होते, झोकांड्या खात. "सप्तमीचा क्षय आहे, गो. पंचांग बघितलं नाहीस?"

पंचांग माझ्याच डोक्यावर खिळ्याला टांगलेलं होतं. काढून बघितलं. षष्ठीनंतर एकदम अष्टमी. आठ पाऊणे सहा. आणि अष्टमीला भांग असतं, म्हणजे मंद भरती, पाणी कमी चढतं, मचवा उशिरा लागतो, माणसं जास्त वेळ थांबतात, जास्त जेवतात. म्हणून सात पाट जास्त.

गणपतभावजींनी सायकलीचा दोर सोडला. माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं. म्हणाले, "वहिनी, दोर तर आणलाय. आता बांधायचं कोणाला ते सांगा."

तेवढ्यात शेठ परत ओरडले, तेव्हा दोर त्यांना बांधला. एका टोकाला गणपतभावजी, त्यांच्यामागे सहा उतारू आणि सगळ्यांत मागे आमचे हे, अर्धे झोपेत, पण दोर घट्ट धरून. "हय्या, हय्या" करत शेठ बाहेर आले, चपला मात्र खाडीने ठेवून घेतल्या. बरोबर सहाला चाचांनी शिंग फुंकलं. सगळे माझ्याकडे बघत मचव्यात चढले. शेठ म्हणाले, "बाई, जेवण चांगलं होतं. वेळ मात्र यापुढे मालकांना विचारीन."

गणपतभावजी जेवून गेले. जाताना दोर आमच्याकडेच ठेवला. "असू द्या," म्हणाले, "तुम्हालाच लागेल." इस्पितळाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

ते गेल्यावर मी यांना म्हटलं, "चहात गोळी होती."

"दिसली मला. पांढरं तरंगत होतं."

"मग प्यायलात कशाला?"

"तुझा चेहरा बघितला. म्हटलं, मी प्यायलो तर हिला बरं वाटेल." मग हे उठले, फडताळातली उरलेली अर्धी गोळी आणली, तांब्याभर पाणी आणलं आणि दोन्ही माझ्यापुढे धरलं. "आज आकडा तुझा चुकला. भाषण तू केलंस. ओरडलीस पण तू. घे."

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. हेही हसले, आणि या खेपेला मी त्यांचं हसणं मोजलं नाही.

आजार गेला, असं नाही. त्यानंतर दोनदा वरचं टोक आलं. एकदा तर यांनी खाणावळीतल्या प्रत्येक बांगड्याला नाव ठेवलं होतं आणि ते नाव सांगितल्याशिवाय कोणाला वाढत नसत. एकदा शिमग्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत हे भिंतीकडे तोंड करून होते, त्याबद्दल मला लिहिता येत नाही. पण गोळी मी परत कधी चहात घातली नाही. हातावर ठेवते, का ते सांगते. हे घेतात. कधी दोन दिवस भांडून घेतात. दोर विहिरीला लावलाय. हे घरीच आहेत.

आणि सकाळचा प्रश्न आता हे मला विचारतात. आजही विचारला. "आज भरती किती वाजता?"

मी खिळ्यावरून पंचांग काढलं, बोट ठेवून तिथी वाचली, आणखी एकदा वाचली आणि मग म्हटलं, "पावणेचार."

"बरी आहेस," हे म्हणाले आणि टोपली घेऊन मासळी आणायला गेले.